रविवारचं गिऱ्हाईक

कागदी लॅपटॉपचा पडदा ओउ मास्तरने दोन बोटांनी उचलला, सरळ उभा केला, मग मागे, आणखी मागे नेत पार तळाला टेकवला आणि हात बाजूला घेतले. बिजागरी फाटली नाही. कुठे सुरकुती पडली नाही. लॅपटॉपची पाटी झाली, पाटीचा तंबू झाला, तंबूचा स्टँड झाला, स्टँडचा पुन्हा लॅपटॉप झाला.

"चार आकार," ओउ मास्तर म्हणाला. "आणि चार्जरसकट चौऱ्याहत्तर ग्रॅम."

शुए पेइरोंगने मांडीवरची बॅग पोटाशी ओढून घेतली. बॅगेत खरा लॅपटॉप होता, दुकानातला नमुन्याचा नग. ताइनानमध्ये पेइमन रस्त्यावरच्या दुकानात ती पाच वर्षं लॅपटॉप विकत होती. या पाच वर्षांत वेगवेगळ्या कंपन्यांची माणसं टाय लावून येऊन आपापला माल दाखवून गेली होती; पण स्वतःकडचा माल बॅगेतून बाहेर काढायची लाज तिला आज पहिल्यांदाच वाटत होती.

"काढा की तुमचा," मास्तर म्हणाला. "शेजारी ठेवू. बघू दे त्यांना."

ज्यांना बघायचं होतं ते याओ चिनतू समोरच्या स्टुलावर होते, म्हणजे त्यांच्या नावाची लाकडी पाटी होती. वर भिंतीशी मोठ्या देव्हाऱ्यात याओ घराण्याचे सगळे पूर्वज एका पाटीत दाटीवाटीने बसले होते. चिनतूंना अजून तिथे जागा मिळाली नव्हती. उद्या, शनिवारी, ते गेल्याचा शंभरावा दिवस. उद्या पूजा करून त्यांचं नाव वरच्यांत मिसळायचं, तोवर त्यांनी पाहुण्यासारखं खाली वेगळं बसायचं. पुढ्यात भाताचा वाडगा होता आणि तळलेल्या माशाचा तुकडा. त्यांची बायको सिउखिम आजी गेले नव्व्याण्णव दिवस त्यांना दोन वेळा वाढत होती. जिवंतपणी ते रात्री जेवत नसत.

"मागितलं त्याने दुसरं काही नव्हतं," सिउखिम आजी काडी ओढून उदबत्त्या पेटवत म्हणाली. "आयुष्यभर काही मागितलं नाही. दोन वर्षं नुसता हा लॅपटॉप बघत बसला. तोच कागदाचा करून, जाळून वर पाठवतेय, तर नको म्हणतो."

हे तिने काल दुकानातही सांगितलं होतं. काल दुपारी ती आली, लॅपटॉपांच्या रांगेसमोर छत्री टेकून उभी राहिली आणि म्हणाली की रविवारी चार वाजता इथे जो म्हातारा यायचा तो माझा नवरा, तो वारला, आणि त्याला जो दाखवायचीस तो लॅपटॉप घेऊन उद्या घरी ये. पेइरोंगच्या हातात तेव्हा एका गिऱ्हाइकाचं बिल होतं. ते तिने दुसऱ्याच गिऱ्हाइकाला दिलं. तीन महिने म्हातारा फिरकला नव्हता आणि तीन महिने ती समोरच्या दुकानाकडे रागाने बघत होती, की तिकडून घेतला असणार. मॅनेजरने काही न विचारता नमुन्याचा नग बॅगेत भरून दिला. मेलेल्या माणसाला नाही म्हणण्याची पद्धत त्यांच्या दुकानात नव्हती.

पेइरोंगने बॅगेची चेन उघडली आणि खरा लॅपटॉप कागदी लॅपटॉपशेजारी ठेवला. एकसारखे दिसत होते. उलट कागदी थोडा जास्त चकचकीत होता. मास्तरने बटणांवर अक्षरं हाताने लिहिली होती, चार्जरची वायर सुतळीला काळा रंग देऊन केली होती आणि आत एक छोटं कार्डही चिकटवलं होतं: वॉरंटी तीन वर्षं. हे सिन्चूला संगणकाच्या चिपांच्या कारखान्यात असलेल्या आजीच्या मुलाच्या आग्रहावरून. तिथली तीन वर्षं म्हणजे इथली किती, हे मास्तरलाही माहीत नव्हतं, पण मुलाने फोनवर तसं स्पष्ट सांगितलं होतं.

सिउखिम आजीने कौलाचे तुकडे ओंजळीत घेतले. लाल लाकडाच्या दोन चंद्रकोरी, प्रत्येकीची एक बाजू सपाट, एक फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर वर आली तर होकार. दोन्ही फुगीर वर आल्या तर नकार. दोन्ही सपाट वर येऊन तुकडे जमिनीवर डुलत राहिले, तर ज्याला विचारलं तो हसतोय असं समजायचं. मोठ्या गोष्टीला लागोपाठ तीन होकार लागतात. शंभराव्या दिवशी काय पाठवायचं ही मोठी गोष्ट होती.

"म्हाताऱ्या, ऐकतोयस ना? ती पोरगी आली आहे. खराही आणलाय. दोन्ही बघून घे. कागदाचा चालेल का ते सांग."

तुकडे पडले. दोन्ही फुगीर.

मास्तरने मान हलवली. हा तिसरा लॅपटॉप होता. पहिला त्याच्या दुकानात तयार होता तोच दिला होता, न उघडणारा, टेबलावर ठेवायच्या बिस्किटाच्या डब्यासारखा. त्याला नकार आला तेव्हा मास्तरला आश्चर्य वाटलं नाही. दुसऱ्याला त्याने बिजागरी लावली, पण ती अर्धीच वळायची. हा तिसरा करायला नऊ दिवस लागले होते. एकवीस वर्षांत त्याने मेलेल्यांसाठी बंगले केले होते, मोटारी केल्या होत्या, एकदा एका दंतवैद्याला खुर्चीसकट दवाखाना करून दिला होता. कुणी परत पाठवला नव्हता.

"यांना साधं समजू नका, बाई," तो पेइरोंगला म्हणाला. नकाराचा राग त्याला म्हाताऱ्यावर काढता येत नव्हता म्हणून तो कौतुकाकडे वळला. "याओ दादा पोचलेले होते. तुम्हाला ठाऊक नसेल."

मग त्याने जे सांगितलं ते गल्लीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ होतं. त्या शेवटच्या रविवारी दादा संध्याकाळी घरी आले. जेवले नाहीत, बोलले नाहीत. पिशवीतून आपला वजनकाटा काढला, त्याला तेल दिलं, फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवला. वही सुतळीने बांधली. नखं कापली. वहिनींना म्हणाले, पुढच्या रविवारी मी घरीच आहे. शुक्रवारी पहाटे झोपेतच गेले.

"आणि पुढच्या रविवारी कुठे होते?" मास्तरने खोलीच्या मधोमध बोट दाखवलं. "इथे. घरीच. फुलांच्या मधोमध. माणसाला आपला दिवस कळला होता. देवळातल्या कमिटीने फळ्यावर नाव लिहिलं. लोक पाया पडून जातात. दोघीजणी लॉटरीचे आकडे विचारायला आल्या होत्या."

"मिळाले?" पेइरोंगने विचारलं, कारण काहीतरी विचारायला हवं होतं.

"हसले."

सिउखिम आजीने वाडग्याशेजारच्या जेवायच्या काड्या सरळ केल्या. त्या सरळच होत्या.

खोलीत पंखा फिरत होता, बाहेर भर दुपारचं ऊन होतं, आणि पेइरोंग रिकाम्या बॅगेची चेन उगाच लावत-उघडत होती. कारण तो रविवार तिलाही तोंडपाठ होता.

याओ आजोबा बरोबर चारला यायचे. कधी बसले नाहीत. साखर कारखान्यात अडतीस वर्षं उसाच्या गाड्या वजन करण्यात गेल्यामुळे छापील वजनावर त्यांचा विश्वास नव्हता. पहिल्याच रविवारी त्यांनी लॅपटॉप कापडी पिशवीत घातला, पिशवी आकड्याला अडकवली, काटा डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाले, एक किलो एकशे ब्याण्णव. वर लिहिलंय एकशे ऐंशी. बारा ग्रॅम कुठून आले? पेइरोंगने सांगून टाकलं की बॅटरी भरलेली आहे म्हणून असेल. पुढच्या रविवारी त्यांनी ती रिकामी करायला लावली. वजन तेवढंच भरलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि पेइरोंगकडे असं पाहिलं की शाळा सोडल्यापासून तिच्याकडे तसं कुणी पाहिलं नव्हतं.

मग पडदा. त्यांची बोटं इतकी सुकलेली की काच त्यांना ओळखायची नाही. चष्म्याला देतात तशी ते बोटाला तोंडाची वाफ द्यायचे आणि मग टेकवायचे. चित्र सरकायचं. ते पुन्हा मागे सरकवायचे, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला जागच्या जागी मिळावं. मग चारही आकार. आणि सगळ्यात शेवटी पडदा पार मागे वळवून, बटणं खाली टेबलाला टेकवून, दर वेळी तोच प्रश्न: आता ही बटणं खाली दबली, तर ती अक्षरं कुठे जातात? पेइरोंग दर वेळी सांगायची, कुठेच नाही, आजोबा. दाबली जातात, पण उमटत नाहीत. ते 'हं' म्हणायचे, वहीत काहीतरी लिहायचे आणि निघायचे. दोन वर्षं. नव्या वर्षाचे दोन रविवार सोडले तर एकही चुकला नाही.

त्या शेवटच्या रविवारी महिन्याची अखेर होती. मॅनेजर मागे उभा होता. आजोबांनी पिशवीतून काटा काढला आणि पेइरोंगला, का कोण जाणे, तो काटा बघवला नाही. ती म्हणाली, आजोबा, हा शेवटचा नग. हे मॉडेल बंद झालं. आज घ्यायचा तर घ्या, पुढच्या रविवारी दाखवायला नसेल.

मॉडेल बंद झालं नव्हतं. गोदामात अकरा पडले होते.

आजोबांनी काटा वजन न करता परत पिशवीत ठेवला. "बरं," म्हणाले. मग त्यांनी जरासं वाकून तिचे आभार मानले. दोन वर्षांत पहिल्यांदा. दरवाजा आपोआप उघडायचा, तरी ते तो हाताने धरल्यासारखं करून बाहेर गेले.

"एकेक करून विचारू," ओउ मास्तर म्हणाला. धंद्याचा प्रश्न होता, तो हार मानणार नव्हता. "नक्की काय खुपतंय ते कळलं की दुरुस्ती करता येईल. उद्यापर्यंत रात्र आहे हातात."

त्यांनी विचारलं. वजन कमी पडतंय का? नकार. रंग? नकार. आवाज येत नाही म्हणून? इथे तुकडे डुलले. हसले, मास्तर म्हणाला, म्हणजे जवळ आलोय. मग त्याने बिजागरी, पडदा, चार्जर, सोबतची पेन्सिल आणि बॅटरी विचारली. पेइरोंगला तुलना करायला लावली. तिने सवयीच्या आवाजात सांगितलं की खऱ्याची बॅटरी दहा तास चालते असं लिहिलंय, पण साडेसहा चालते. उन्हात पडदा नीट दिसत नाही. बाकी या किमतीत, या वजनात, असा वळणारा दुसरा मिळणार नाही. कागदीची बॅटरी संपत नाही, उन्हातही दिसतो. एकंदरीत कागदी सरस ठरला. कौल तरी नकाराचाच पडला.

"वॉरंटी?" मास्तरने शेवटचं विचारलं.

तुकडे डुलले. पुन्हा विचारलं, पुन्हा डुलले. तिसऱ्यांदा डुलत डुलत एक तुकडा घरंगळत पेइरोंगच्या चपलेला येऊन लागला आणि तिथेच डुलत राहिला.

तिघांनीही त्याच्याकडे पाहिलं. पंख्याच्या वाऱ्याने म्हणावं तर दुसरा तुकडा शांत पडला होता.

सिउखिम आजी एकदम खाली बसली. गुडघे धरून.

"होकाराशिवाय उद्याची पूजा होणार नाही," ती म्हणाली. कुणालाच उद्देशून नव्हतं ते. "भटजींनी सांगितलंय. वर सगळी मंडळी वाट बघताहेत आणि हा असा स्टुलावर. एकटा. बिनसलंय याचं काहीतरी. मला सांगत नाही. तेव्हाही सांगितलं नाही."

पेइरोंगने वाकून तुकडा उचलला. हलका होता. चार-दोन वाक्यं होती ती, आणि ती म्हटल्यावर या म्हातारीचा पोचलेला नवरा साधा म्हातारा होणार होता, हे तिला दिसत होतं. फळ्यावरचं नाव पुसलं जाणार. पाया पडायला येणारे येणार नाहीत. न बोलता बॅग उचलून निघता आलं असतं. मॅनेजरने साडेपाचला परत यायला सांगितलंच होतं.

"त्यांना दिवस कळला नव्हता, आजी," ती म्हणाली.

ओउ मास्तर वायरची सुतळी गुंडाळत होता. तो थांबला.

"रविवारी मी त्यांना सांगितलं की मॉडेल बंद झालं. शेवटचा नग आहे, पुढच्या रविवारी दाखवायला नसेल. म्हणून ते म्हणाले घरीच आहे. म्हणून काटा ठेवून दिला. यायचं कारण उरलं नाही म्हणून." तिने तुकड्याची सपाट बाजू अंगठ्याने पुसली. "आणि ते खोटं होतं. गोदामात अकरा होते. महिन्याची अखेर होती, मला विकायचा होता."

बाहेर कचऱ्याची गाडी आपली नेहमीची धून वाजवत आली, गल्लीतली माणसं पिशव्या घेऊन धावली, गाडी गेली. सिउखिम आजीची पिशवी दारात तशीच राहिली. या गल्लीत असं कधी होत नसे.

"म्हणजे त्याला ठाऊक नव्हतं," आजी म्हणाली.

"नाही, आजी."

"नखं कापली ती?"

"रविवारी कापतच असतील."

आजीने आठवून पाहिलं. "रविवारीच कापायचा," ती म्हणाली. मग तिचा चेहरा असा झाला की पेइरोंगने मार खायची तयारी केली. पण आजीने हात उचलला तो स्वतःच्या तोंडाकडे नेला आणि पदर नसल्यामुळे बाहीनेच तोंड झाकलं. खांदे हलत होते. रडते की हसते ते बराच वेळ समजलं नाही. बहुतेक तिलाही नसावं.

"शंभर दिवस मी याच्यावर चिडले आहे," ती शेवटी म्हणाली. "लोक येऊन पाया पडायचे आणि मी आत जाऊन भांडी आपटायचे. म्हटलं, एवढं कळलं होतं तर मला एका शब्दाने सांगता येत नव्हतं? सोमवार होता, मंगळवार होता, बुधवार, गुरुवार होता. चार दिवस शेजारी बसून टीव्ही बघितला. चौपन्न वर्षं संसार केलेली बायको, आणि सांगितलं काय तर घरीच आहे." तिने नाक पुसलं. "माहीतच नव्हतं मेल्याला."

ओउ मास्तरने घसा खाकरला. "देवळातल्या कमिटीला सांगायला लागेल."

"तू काही सांगायला जाऊ नकोस," आजी म्हणाली. "फळ्यावर नाव आहे ते राहू दे. आयुष्यात पहिल्यांदा लिहिलंय कुणी."

ती उठली, तुकड्याची जोडी जुळवली आणि दोन्ही पेइरोंगच्या हातात दिले.

"तुझ्यावर रुसलाय. तूच विचार."

"मी काय विचारू?"

"दुकानात काय म्हणायचीस?"

पेइरोंग स्टुलासमोर उभी राहिली. पाटीवर सोनेरी अक्षरांत नाव होतं, अजून नवं. ती जरा वाकली. तोंडातून आपसूक दुकानातला आवाज निघाला, पण वाक्याच्या शेवटी तो बारीक झाला.

"आजोबा, माझी चूक झाली. मॉडेल बंद झालेलं नाही. अजून आहे." पुढे काय म्हणायचं ते ठरवलं नव्हतं. पाच वर्षं प्रत्येक न घेणाऱ्या गिऱ्हाइकाला जे म्हणत आली तेच म्हणाली. "रविवारी या ना. दाखवते."

आणि तुकडे टाकले.

एक सपाट, एक फुगीर.

मास्तर पुढे सरकला. तिने उचलून पुन्हा टाकले. एक सपाट, एक फुगीर. तिसऱ्या वेळी तुकडे टाकले नाहीत, निसटलेच. एक भिंतीला आपटला, दुसरा गिरकी घेऊन थांबला. मास्तरने गुडघ्यांवर बसून पाहिलं, मग चष्मा लावून पाहिलं.

"होकार," तो म्हणाला. त्याच्या आवाजात कामगिरी फत्ते झाल्याचा आनंद अजिबात नव्हता. "बाई, तुम्ही त्यांना काय बोलावलंत हे कळतंय ना तुम्हाला?"

पेइरोंगला कळत होतं. म्हणूनच ती भिंतीला टेकून उभी होती.

"मेला तरी रविवार सोडणार नाही," सिउखिम आजी म्हणाली आणि जी कामं शंभर दिवस खोळंबली होती ती भराभर करायला लागली. तुकडे उचलून तिने विचारून घेतलं, उद्या पूजा करू ना, वर जाऊन बसशील ना? होकार. तिथे थोरल्या भावाशी भांडणार नाहीस ना? तुकडे डुलले. ते तिने चालवून घेतलं.

"आणि याचं काय?" मास्तरने कागदी लॅपटॉप दोन्ही हातांवर धरला होता. ताप आलेल्या लेकरासारखा. "नऊ दिवस लागलेत."

आजीने वर देव्हाऱ्याकडे पाहिलं. "सासूबाईंना विचारते," ती म्हणाली. सासूबाई पंचेचाळीस वर्षांपूर्वी वारल्या होत्या. सही म्हणून अंगठा द्यायच्या. पहिल्याच फेकीला त्यांनी होकार दिला. दुसरीला आणि तिसरीलाही.

"तिचं नेहमीच असं होतं," आजी म्हणाली. "पोराचं नको असलेलं सगळं तिला हवं."

रविवारी पावणेचारला पेइरोंगने नमुन्याचा लॅपटॉप ओल्या कपड्याने पुसला, मग कोरड्याने पुसला आणि रांगेतून पुढे ओढून ठेवला. शेजारचे दोन मागे सरकवले. समोर एका माणसापुरती जागा मोकळी ठेवली. मॅनेजरने ते पाहिलं.

"कोण येणार आहे?"

"गिऱ्हाईक."

"घेणार आहे का?"

"नाही," पेइरोंग म्हणाली.

मॅनेजरला तिचा चेहरा बघून पुढचं विचारावंसं वाटलं नाही. काल सकाळी गोदामात शिरून ती खोके मोजत होती, तेव्हाही विचारलं नव्हतं.

चार वाजता दरवाजा आपोआप उघडला. बाहेर कुणी नव्हतं. रस्त्यावरची गरम हवा आत आली, दरवाजा उघडाच राहिला, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मग छत्री दिसली. छत्री मिटत मिटत, उंबऱ्यावर पाय ठेवू की नको करत सिउखिम आजी आत आली. संसाराच्या चौपन्न वर्षांत ती या दुकानात आजची धरून दोनदाच आली होती, आणि दोन्ही वेळा याच आठवड्यात. तिने चांगला, बारीक फुलांचा ब्लाउज घातला होता. हातात कापडी पिशवी होती.

"तो कुठे उभा राहायचा?" तिने विचारलं.

पेइरोंगने जागा दाखवली. आजी त्या जागेच्या एका बाजूला उभी राहिली, जागा सोडून. मग तिने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला वजनकाटा काढला आणि सुतळीची वही काढली. सुतळी सोडली. शेवटचं लिहिलेलं पान उघडलं.

पेइरोंगने लॅपटॉप उचलून रिकाम्या पिशवीत घातला आणि पिशवी आकड्याला अडकवली. आजीने काटा डोळ्यांसमोर धरला. काटा थांबेपर्यंत बराच वेळ गेला.

"एक किलो एकशे ब्याण्णव," ती म्हणाली. वहीत पाहिलं. "बारा ग्रॅम कुठून आले?"

"मला माहीत नाही, आजी. तेव्हाही नव्हतं."

आजीने ते लिहून घेतलं. मग पडदा. तिने बोट टेकवलं, काही हललं नाही. तिने पुन्हा टेकवलं, बोटाकडे पाहिलं, आणि पेइरोंग सांगणार एवढ्यात तिने बोट तोंडाजवळ नेऊन वाफ दिली. चित्र सरकलं. ते तिने पुन्हा मागे नेऊन ठेवलं. मग लॅपटॉपची पाटी झाली, पाटीचा तंबू झाला. काउंटरमागे मॅनेजर एकच बिल पुन्हा पुन्हा वाचत होता.

शेवटी पेइरोंगने पडदा पार मागे वळवला, बटणं खाली टेबलाला टेकली आणि ती थांबली. आजीने वहीचं पान जवळ धरलं. नवऱ्याचं अक्षर बारीक होतं.

"आता ही बटणं खाली दबली," तिने वाचलं, "तर ती अक्षरं कुठे जातात?"

शंभर वेळा दिलेलं उत्तर तोंडात तयार होतं. पेइरोंगने ते दिलं नाही. तिने पडदा पुन्हा सरळ केला, एक कोरं पान उघडलं, लॅपटॉप परत उलटा करून टेबलावर ठेवला आणि आजीचा तळवा हलकेच त्याच्यावर ठेवून दाबला. बटणं खाली दबल्याचा बारीक आवाज आला. दोघींनी तो ऐकला. मग तिने उलटून दाखवलं. पान कोरं होतं.

दोघी त्या पानाकडे बघत राहिल्या. मधली जागा मोकळीच होती.

"उमटलं नाही," आजी म्हणाली.

"नाही."

"पण दाबलं गेलं."

"हो, आजी. दाबलं गेलं."

"हं," सिउखिम आजी म्हणाली. तिने आजची तारीख घालून, जीभ दाताखाली धरून, वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. वहीला सुतळी बांधली, काटा फडक्यात गुंडाळला आणि छत्री उचलली. दरवाजापाशी गेल्यावर ती थांबली.

"आज नको," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी बघू. हा शेवटचा नाही ना?"

"नाही, आजी," पेइरोंग म्हणाली. "आत नऊ आहेत. मोजून आले मी."